जुनी कस्टम क्रूझर घेताना: आधी यादी, मग गाडी

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन गाड्या नजरेत आहेत. पहिली २००६ ची, तयार चॉपर ढंगाच्या क्रूझर बनवणाऱ्या आणि आता बंद पडलेल्या एका अमेरिकी कंपनीची. इंजिन एस अँड एस या इंजिन बनवणाऱ्या कंपनीचं, मागचा टायर २५० मिमी रुंदीचा. दुसरी २००३ ची हार्ले सॉफ्टेल, ट्विन कॅम इंजिनाची; पण मालकाने नेक (फ्रेमची पुढची नळी, जिच्यात हँडलचा दांडा फिरतो) कापून रेक, म्हणजे तिचा तिरपेपणा, वाढवलाय, टाकी लांबवलीय, मागे एअर सस्पेन्शन बसवलंय. कोणती घ्यावी? आणि प्रश्नाच्या शेवटी एक हताश ओळ आहे: ‘उद्योगातल्या बातम्या रोज वाचतो, कुठली कंपनी विकली गेली, कुठला कारखाना बंद झाला, आणि जितकं वाचतो तितका जास्त घाबरतो.’

पंचवीसेक वर्षं अशाच गाड्या खोलण्यात आणि जोडण्यात गेली आहेत. माझ्या लेखी हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. बातम्या कशा वाचायच्या हे कळलं तर कोणती गाडी घ्यायची हेही बरंचसं कळतं.

आधी माझी फजिती सांगतो. मी घेतलेली पहिली कस्टम क्रूझर दिसायला अशी होती की रस्त्यात माणसं थांबून बघायची. इंजिन ठणठणीत, रंग आरशासारखा, कागद स्वच्छ. चौथ्या महिन्यात मागचं चाक फिरवणारा पट्टा तुटला. त्यात काय विशेष, दुसरा आणू, असं वाटलं. पण पुढची पुली एका कंपनीची, मागची दुसऱ्याच कुणाची, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा) ठरावीक मापापेक्षा लांब, आणि गाडी बांधणाऱ्याने दुकान कधीच गुंडाळलेलं. पट्टा किती दातांचा, किती रुंदीचा, हे सांगणारं कुणी नाही. तुटलेल्या पट्ट्याचे तुकडे जमिनीवर जोडून मी दात मोजत बसलो. दोन पट्टे चुकीचे आले, तिसरा बसला. पट्टा बदलायला प्रायमरी (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) उतरवावी लागते आणि स्विंगआर्मचा पिव्होट सोडवावा लागतो, म्हणजे हा सगळा उपद्व्याप तीनदा. तीन महिने गाडी स्टँडवर. त्या दिवसापासून माझा नियम एकच: गाडी बघायला जाण्याआधी विकणाऱ्याकडून सुट्या भागांची यादी मागायची.

यादी म्हणजे काय? फ्रेम कुणाची, इंजिन कुणाचं आणि किती क्युबिक इंचांचं, गिअरबॉक्स कुणाचा, प्रायमरी बंद की उघडी, फोर्क आणि त्याच्या नळ्या नेकशी धरून ठेवणारी ट्रिपल ट्री कुणाची आणि ट्रीला किती अंश जास्तीचा कल, चाकं, ब्रेक कॅलिपर, मागची पुली, इग्निशन मॉड्यूल, कार्ब्युरेटर की इंजेक्शन. प्रत्येक ओळीपुढे बनवणाऱ्याचं नाव आणि जमल्यास पार्ट नंबर. कंपनीच्या साध्या गाडीत मॉडेलचं नाव आणि साल सांगितलं की सगळं आपोआप कळतं. कस्टममध्ये मॉडेल नावाची वस्तूच नसते. कुणीतरी कधीतरी घेतलेले वीस-पंचवीस निर्णय एकत्र बांधलेले असतात. ते निर्णय चांगले असतील, वाईट असतील, पण निनावी असतील तर त्यांचा भार तुमच्या डोक्यावर. ज्या विक्रेत्याकडे यादी तयार असते, त्याची गाडी निम्मी तपासून झाली असं समजा. ‘सगळं एक नंबर आहे, तुम्ही येऊन बघा तर’ म्हणणाऱ्याकडे जावं, पण मोहरून जाऊ नये.

आता बातम्यांकडे येतो. या यादीतल्या प्रत्येक नावाचं आज काय चाललंय, हे सांगणारी बातमी तेवढी तुमच्या कामाची. बाकी करमणूक.

कंपनी बुडाली म्हणजे गाडी मेली, ही समजूत निम्मीच खरी. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टीव्हीवरच्या चॉपर कार्यक्रमांमुळे अशा गाड्यांची लाट आली होती. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थची अमेरिकन आयर्नहॉर्स आणि कॅन्ससमधल्या विचिटाची बिग डॉग या दोघी त्या लाटेवर स्वार झालेल्या. २००८ च्या मंदीत आयर्नहॉर्स दिवाळखोरीत गेली, बिग डॉगचं उत्पादन २०११ मध्ये थांबलं. तरी त्यांच्या गाड्या आजही रस्त्यावर दिसतात, कारण आतलं इंजिन एस अँड एसचं आहे. ही विस्कॉन्सिनची कंपनी १९५८ पासून हार्लेच्या धाटणीच्या व्ही-ट्विनचे (व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनांचे) भाग आणि पुढे अख्खी इंजिनं बनवत आली आहे. गास्केट, लिफ्टर, पिस्टन, तेलाचा पंप, सगळं मिळतं.

याच्या उलट उदाहरण जास्त बोलकं आहे. कॅलिफोर्नियातल्या गिलरॉय गावी १९९९ मध्ये इंडियन हे जुनं अमेरिकी मोटरसायकलचं नाव पुन्हा जिवंत झालं आणि २००३ मध्ये ती कंपनी बंद पडली. तिच्या सुरुवातीच्या चीफ गाड्यांत एस अँड एसचं इंजिन होतं. २००२ पासून त्यांनी स्वतःचं पॉवरप्लस १०० बसवायला सुरुवात केली. तेव्हा बातम्यांत ही मोठी झेप म्हणून गाजली: स्वतःचं इंजिन! आज वापरलेली गाडी घेणाऱ्याच्या नजरेतून बघा. जिच्यात ‘उसनं’ इंजिन होतं ती कुठल्याही व्ही-ट्विन मेकॅनिकच्या हाती देता येते; जिच्यात अभिमानाचं स्वतःचं इंजिन होतं तिच्यासाठी मोजके जाणकार आणि मोजके पुरवठादार शोधत हिंडावं लागतं. मिनेसोटाच्या एक्सेल्सियर-हेंडरसनची गतही तशीच: स्वतःचं इंजिन, सुमारे दोन हजार गाड्या, आणि कारखान्याला टाळं.

तिसरी तऱ्हा व्हिक्टरीची. पोलारिस कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये आपला व्हिक्टरी हा मोटरसायकलचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. इंजिन स्वतःचं, पण मागे मोठी कंपनी उभी, आणि दहा वर्षं सुटे भाग पुरवण्याचा शब्द तिने त्याच घोषणेत दिला होता. मथळा वाचणाऱ्याने ‘व्हिक्टरी संपली’ एवढंच वाचलं. खालचा परिच्छेद वाचणाऱ्याला कळलं की चांगली गाडी पडत्या भावात मिळण्याची वेळ हीच. आता मात्र ती दहा वर्षं सरत आली आहेत, तेव्हा आज व्हिक्टरी घेणाऱ्याने सेन्सर, इंजेक्शनचे भाग आणि बॉडीचे तुकडे कुठे मिळतात याचा हिशेब आधी करावा. एकच बातमी साल बदललं की वेगळा अर्थ सांगते.

त्याच पोलारिसने ऑक्टोबर २०२५ मध्ये, मधल्या काळात तिच्याकडे आलेल्या इंडियनमधला मोठा हिस्सा कॅरोलवुड या गुंतवणूक कंपनीला विकत असल्याचं जाहीर केलं. नवी इंडियन घेणाऱ्याने यावर विचार जरूर करावा. तुमच्या दोन गाड्यांपैकी एकीचाही याच्याशी काडीचा संबंध नाही. तुमची भीती नेमकी इथून येते: संबंध नसलेली बातमीही तुम्ही स्वतःच्या गाडीला लावून बघता.

संबंध असलेली बातमी बहुतेक वेळा गाडीच्या कंपनीची नसतेच, सुट्या भागांच्या धंद्यातली असते. नोव्हेंबर २०१७ मध्ये मोटरस्पोर्ट आफ्टरमार्केट ग्रुपने दिवाळखोरीचा अर्ज केला. व्हान्स अँड हाइन्स, परफॉर्मन्स मशीन, प्रोग्रेसिव्ह सस्पेन्शन ही नावं तेव्हा एका छत्राखाली होती. कस्टम गाडीच्या अंगावर या नावांतलं एखादं तरी असतंच. मोठ्या मथळ्यांत हे आलं नाही. आमच्या धंद्यात मात्र त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. पुढे तो समूह सावरला, पण ब्रेक कॅलिपरचे सील दोन जास्तीचे आणून ठेवायचे हे मी तेव्हाच ठरवलं.

नियमांच्या बातम्या कोरड्या वाटतात, पण टाळू नका. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेबरोबरच्या तडजोडीत हार्लेने १ कोटी २० लाख डॉलर दंड मान्य केला, कारण तिने विकलेले ‘सुपर ट्यूनर’ (इंजिनाच्या इंधनाचं गणित बदलणारी उपकरणं) प्रदूषणाच्या मर्यादा ओलांडू देत होते. हे ट्यूनर लावलेल्या जुन्या गाड्या बाजारात आहेत. गाडीचा नकाशा, म्हणजे इंधनाचं मॅपिंग, बदललेलं आहे का आणि मूळ मॅपिंग परत टाकता येतं का, हा प्रश्न विचारायला ही बातमी शिकवते. तुमच्याकडे नोंदणी करताना धूर आणि आवाज मोजत असतील तर हा प्रश्न शोभेचा राहत नाही.

रिकॉलचंही तसंच. ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्लेने हायड्रॉलिक क्लचच्या दोषापायी जगभरातल्या दोन लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. कस्टम करताना क्लच बदलला असेल तर रिकॉल लागू आहे की नाही ते कुणालाच नीट सांगता येत नाही, आणि अशा गाड्या कामाविना तशाच राहतात. चेसिस नंबर टाकून रिकॉल बघण्याची सोय बहुतेक कंपन्यांच्या आणि काही देशांच्या सरकारी संकेतस्थळांवर आहे. दोन मिनिटांचं काम आहे. जी अटकळबाजीची चित्रं, ‘येणार येणार’ म्हणून गाजवलेली मॉडेलं आणि चोरून काढलेले फोटो तुम्ही रोज अर्धा तास बघता, त्यातली दोन मिनिटं इकडे द्या.

एक आकडा मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २००६ मध्ये हार्लेच्या गाड्या जगभरात साडेतीन लाखांच्या घरात गेल्या. २०२४ मध्ये ग्राहकांनी घेतल्या त्या दीड लाखाच्या आसपास. लोक हे कंपनीचं मरण म्हणून वाचतात. मी वेगळं वाचतो. त्या सुकाळातल्या गाड्या आज वीस वर्षांच्या होऊन बाजारात आल्या आहेत, मालक वयाने थकलेत, गिऱ्हाईक कमी आणि माल भरपूर. त्या काळातल्या इंजिनाचे सुटे भागही भरपूर, कारण इंजिनंच लाखांनी बनली. घेणाऱ्याने घाई करायचं काही कारण नाही. ‘दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय’ असं विक्रेता म्हणाला तर त्या गिऱ्हाइकाला शुभेच्छा द्या आणि चहा संपवा.

आता प्रत्यक्ष गाडी. इंजिनाआधी मी पुढचं टोक बघतो, कारण इंजिन बिघडलं तर खिसा रिकामा होतो, पुढचं टोक चुकलं तर हाडं मोडतात.

रेक म्हणजे नेकचा उभ्या रेषेशी असलेला कोन. ट्रेल म्हणजे नेकच्या आसाची रेषा जमिनीला जिथे टेकते ती जागा आणि टायर टेकतो ती जागा यांतलं अंतर. रेक डोळ्यांना दिसतो, ट्रेल दिसत नाही, आणि गाडी सरळ ठेवण्याचं काम ट्रेल करतो. समजा पुढच्या चाकाची त्रिज्या ३२० मिमी, नेकचा कोन ३२ अंश, फोर्कचा ऑफसेट ५० मिमी. ट्रेल येतो सुमारे १४० मिमी; क्रूझरसाठी झकास. आता बाकी सगळं तेच ठेवून नेक कापून ४० अंशांवर नेला, तर ट्रेल २०० मिमीच्या पुढे जातो. गाडी महामार्गावर रुळावरून चालल्यासारखी जाते, पण गल्लीत वळताना हँडल स्वतःच एका बाजूला कोसळतं. म्हणून जाणकार बांधणारे अशा फ्रेमला काही अंश जास्तीचा कल दिलेली ट्रिपल ट्री लावतात. ती चाक पुढे ढकलते आणि ट्रेल पुन्हा आवाक्यात आणते.

खरी गफलत उलटी होते. नेकला हात न लावता, फक्त लांब दिसावं म्हणून, कुणी मूळ ३२ अंशांच्या फ्रेमवर ७ अंशांची ट्री बसवतो. ट्रीपासून ॲक्सलपर्यंत फोर्क ७०० मिमी धरला आणि गाडीची उंची तीच राहिली असं मानलं, तर ट्रेल ४० मिमीच्या आसपास उरतो. दिसायला तीच लांबसडक चॉपर. पार्किंगमध्ये हँडल लोण्यासारखं वळतं, विकणारा म्हणतो ‘बघा किती हलकी’. वेग वाढला की एखाद्या खड्ड्याने हँडल डावी-उजवीकडे थरथरायला लागतं आणि थांबत नाही. हा अनुभव ज्याला आला तो पुन्हा सांगायला असेलच असं नाही.

मोजायला यंत्र लागत नाही. गवंड्याचा ओळंबा, सरळ काठी आणि खडू पुरे. गाडी सपाट जागी सरळ उभी करायची, कुणाला तरी धरायला सांगायचं. काठी नेकच्या बाजूने, नेकच्याच कोनात लावून जमिनीवर जिथे टेकेल तिथे खूण. पुढच्या ॲक्सलच्या मधून ओळंबा सोडून दुसरी खूण. काठीची खूण ओळंब्याच्या पुढे पडली पाहिजे. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. १०० ते १५० मिमी आलं तर निश्चिंत व्हा. ७०-७५ च्या खाली आलं तर गाडी चालवूनसुद्धा बघू नका. एअर सस्पेन्शन असेल तर गाडी ज्या उंचीवर चालवतात त्या उंचीला मोजा. खाली बसवलेल्या गाडीचं माप फसवं येतं. हवा भरून अर्धा तास ठेवा आणि गाडी बसते का तेही बघा. गळकी लाइन असेल तर कॉम्प्रेसर सतत चालू राहून बॅटरी खातो.

नेक कापलेली असेल तर रंगाखाली काय आहे ते महत्त्वाचं. चांगल्या कामात आत जोड-नळी घातलेली असते, बाहेर गसेट, म्हणजे बळकटीची पट्टी, असतं, वेल्ड सलग दिसतो. भुक्कड कामात वेल्ड ग्राइंडरने घासून वर पुट्टी थापलेली असते. छोटं चुंबक फडक्यात गुंडाळून नेकभोवती फिरवा. जिथे ओढ एकदम कमी होते तिथे पुट्टी जाड आहे. लांबवलेल्या टाकीलाही हीच तपासणी. इंजिन फ्रेमला थेट बोल्टने आवळलेलं असेल, रबर नसेल, तर टाकीचे कान आणि मडगार्डचे टेकू यांच्या मुळाशी बारीक चिरा शोधा. रंगात केसाएवढी रेघ दिसली तरी ती रंगाची आहे असं मानू नका.

रुंद मागच्या टायरबद्दल एक गोष्ट फार कमी लोक विचारतात: तो मावला कसा? २५० चा टायर मूळ फ्रेममध्ये पट्ट्यासकट बसत नाही. मग एक तर प्रायमरी आणि गिअरबॉक्स डावीकडे सरकवतात, किंवा शेवटची ड्राइव्ह, म्हणजे मागच्या चाकाचा पट्टा, उजवीकडे घेणारा गिअरबॉक्स वापरतात. पहिल्या प्रकारात वजन डावीकडे झुकतं आणि काही गाड्या हात सैल सोडला की डावीकडे ओढतात. दुसरा प्रकार महाग, पण तोल चांगला. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. ३४१४ म्हणजे २०१४ चा चौतिसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी तो टायर बदलायचाच, आणि या मापांचे टायर स्वस्त नसतात.

‘फक्त सहा हजार किलोमीटर चाललीय’ हे वाक्य कस्टम गाडीत मला आवडत नाही. पहिलं म्हणजे स्पीडोमीटर बहुधा नंतर बसवलेला असतो, आकडा शून्यापासून सुरू झालेला. दुसरं, पंधरा वर्षांत सहा हजार म्हणजे गाडी उभीच होती. तेलाचे सील वाळतात, टाकी आतून गंजते, कार्ब्युरेटरच्या बारीक वाटांत पेट्रोलची पेंड बसते. तीस हजार चाललेली, पावत्या असलेली, पायदान घासलेली गाडी मी आधी घेईन.

इंजिन थंड असताना बघायचं. आदल्या दिवशी विक्रेत्याला तसं सांगा, आणि पोचल्यावर हेडला हात लावा. गरम असेल तर थांबा, थंड होऊ द्या. पहिल्या सुरुवातीला निळा धूर येऊन थांबत नसेल तर व्हॉल्व्ह गाइड, सील किंवा रिंगांकडे बोट जातं. दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. मल्टिमीटर बरोबर न्या: भरलेली बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्ट, रेस वाढवल्यावर १४ च्या वर. तेरावरच अडत असेल तर बॅटरी भरणाऱ्या यंत्रणेतला स्टेटर किंवा रेग्युलेटर बिघडलाय. मग सीट काढा. कस्टम गाडीचं चारित्र्य सीटखाली कळतं. तारांना रंग, फ्यूजना जागा, जोडांना नीट क्रिम्प, तर बांधणारा विचारी. काळी चिकटपट्टी आणि एकाच रंगाच्या तारांचं भेंडोळं, तर पूर्ण वायरिंग नवी करायचा खर्च किमतीतून वजा करा. ब्रेकच्या टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय तेही वाचा. २००० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या हार्लेंत डॉट ५ हे सिलिकॉनचं तेल असायचं, त्यात डॉट ४ मिसळायचं नसतं. कुणी कॅलिपर बदलले असतील तर आत काय ओतलंय देव जाणे. धुऊन, सील बदलून नव्याने भरलेलं बरं.

तुमच्या सॉफ्टेलची खास गोष्ट. १९९९ ते २००६ च्या ट्विन कॅममध्ये कॅमच्या साखळीला ताण देणारे टेन्शनर स्प्रिंगचे आणि प्लॅस्टिकच्या पट्टीचे आहेत. पट्टी झिजते, तिचे कण तेलात जातात, आणि शेवटी तेलाचा पंप धोक्यात येतो. २००७ पासून हायड्रॉलिक टेन्शनर आले, हार्लेच्याच डायना मॉडेलांत एक साल आधीच. २००३ ची गाडी म्हणजे जुनी पद्धत. पन्नास हजार किलोमीटरच्या आतच कॅमचं झाकण उघडून बघायला हवं, आणि उघडलंच आहे तर आतली कॅम बेअरिंगंही बदलून टाकतात. विक्रेत्याला सरळ विचारा: टेन्शनर कधी बघितले? पावती असेल तर गाडीची किंमत रास्त असू शकते. ‘टेन्शनर म्हणजे?’ असं उत्तर आलं तर ते काम तुमच्या खर्चात धरा. हे इंजिन वाईट मुळीच नाही. दुखणं माहीत आहे आणि औषधही माहीत आहे, याहून चांगलं जुनं इंजिन मागायचं तरी कशाला?

कागदांवर घाई नको. १९८१ पासून चेसिस नंबर १७ चिन्हांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, आकड्यांशी घोळ नको म्हणून. नंबरात यातलं एखादं दिसलं तर तिथूनच परत फिरा. हार्लेच्या फ्रेमचा नंबर नेकच्या उजव्या बाजूला ठोकलेला असतो, इंजिनाच्या केसवर त्याचंच छोटं रूप असतं. दोन्ही जुळले पाहिजेत. १९७० च्या आधीच्या हार्लेंच्या फ्रेमवर नंबरच नव्हता, इंजिनाचा नंबर हीच ओळख, म्हणून तितक्या जुन्या गाडीला वेगळा जाणकार लागतो. सुट्या फ्रेमवर घरी बांधलेली गाडी असेल तर फ्रेम बनवणाऱ्याचं मूळ प्रमाणपत्र, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या खरेदीच्या पावत्या, आणि नोंदणी कुठल्या नावाने झाली ते बघा. अशा गाडीच्या कागदावरचं साल पुष्कळदा नोंदणीचं असतं, इंजिनाचं नव्हे. आणि तुमच्याकडे ती गाडी तुमच्या नावावर होईल का, हे पैसे देण्याआधी नोंदणी करणाऱ्या कार्यालयातच विचारा. विक्रेत्याच्या ‘होईल हो’वर विसंबू नका. विमा घेताना ठरलेल्या किमतीचा मागा. साधा विमा घसारा धरून बाजारभाव देतो, आणि कस्टम गाडीचा बाजारभाव ठरवणारा विमा कंपनीचा माणूस तुमच्या पेंटकडे ढुंकूनही बघत नाही.

किमतीचं एवढंच: विक्रेता बिलांची फाइल दाखवतो आणि बेरीज सांगतो. बिलं तुम्हाला यादीसाठी हवीत, बेरजेसाठी नव्हे. कस्टमवर घातलेला पैसा घालणाऱ्याने मौजेसाठी घातला, ती मौज त्याने घेतली. मूळ सुटे भाग खोक्यात भरून देत असेल तर मात्र थोडे जास्त द्यायला हरकत नाही.

तर, दोनपैकी कोणती? हार्लेचं नाव मोठं आणि कंपनी जिवंत, म्हणून तुम्ही सॉफ्टेलकडे झुकलेले दिसता. माझा कौल सध्या पहिल्या गाडीला आहे. ती कारखान्यात ठरावीक आराखड्यावर बनली, कारखान्याचा चेसिस नंबर आहे, रेक आणि ट्रेल कुणीतरी मेजावर बसून ठरवलेत, आणि इंजिनाचे भाग जिथे तिथे मिळतात. कंपनी बुडाल्याची किंमत तिच्या भावात आधीच उतरली आहे. अडचण आलीच तर बॉडीचे तुकडे, मीटर आणि वायरिंगच्या खास भागांत येईल. त्यासाठी मीटर आणि स्टार्टर आज व्यवस्थित चालतात का ते खातरीने बघा. सॉफ्टेलमध्ये कंपनी जिवंत असली तरी नेक कापणारा माणूस कोण, हे तुम्हाला माहीत नाही, आणि हार्ले त्या वेल्डची जबाबदारी घेणार नाही.

माझं मत बदलायला तीन गोष्टी पुरतील. सॉफ्टेलच्या मालकाकडून नेकच्या कामाचे रंगाआधीचे फोटो, टेन्शनर बदलल्याची पावती, आणि नेकच्या उजव्या बाजूचा, नंबर वाचता येईल असा स्वच्छ फोटो मागवा. तिन्ही आले तर ओळंबा घेऊन आधी तिकडे जा.